लिहायचा हात

तपासणीच्या दिवशी चौथी ‘अ’चा वर्ग म्हणजे रंगलेला प्रयोग असायचा. साहेब दारातून आत आले की मुलं एका दमात उभी राहायची, एका दमात बसायची, आणि बाईंनी प्रश्न टाकला रे टाकला की सगळ्या वर्गाचे हात वर. नुसतं हातांचं रान. बाई त्या रानावरून नजर फिरवायच्या, कुणाला विचारू आणि कुणाला नको असा पेच पडल्यासारखा चेहरा करायच्या, आणि मग एका पोराकडे बोट दाखवायच्या. पोर उठायचं, उत्तर बरोबर. पुढचा प्रश्न, पुन्हा रान, पुन्हा उत्तर बरोबर. साहेब मान डोलवत बाहेर पडायचे आणि शेऱ्यात ‘उत्कृष्ट’ लिहायचे. टाळ्या तेवढ्या पडायच्या बाकी असायच्या.

बाई म्हणजे फक्त बाई. शाळेत आणखीही बाई होत्या, पण त्यांना ओळखायला काहीतरी जोडावं लागे: गाण्याच्या बाई, चष्म्याच्या बाई, मोठ्या बाई. नुसतं ‘बाई’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती यायची. उंचीला बेताची, पायात कापडी बूट, खडूनं पांढरी झालेली उजवी बाही, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेलं पोरही दचकून वही उघडेल. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा दहाव्याही दिवसाची वाट न बघता बाई वर्गावर हजर झाल्या होत्या. लोकांनी नावं ठेवली. बाई म्हणाल्या, घरात मला रडू येतं आणि वर्गात येत नाही, मग मी कुठे बसावं ते तुम्हीच सांगा. तेव्हापासून वर्ग हाच त्यांचा संसार. बाकी घर होतं, त्यात नणंद होती, पण जीव चौथी ‘अ’त.

आणि त्याच वर्गावर आता गदा आली होती.

मुलं कमी झाली होती. दिवाणखान्याएवढ्या त्या वर्गांत निम्मे बाक रिकामे. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या दोन तुकड्यांची एकच होईल. दोन शिक्षिकांपैकी एक वर्गावर राहील आणि दुसरी भांडार सांभाळेल. कोण कुठे, ते तीन जणांची समिती ठरवेल, आणि समिती ठरवणार ती डिजिटल पोर्टफोलिओ बघून. शिक्षिका म्हणून आपण कशा होतो, कशा घडलो, काय शिकलो, हे प्रत्येकीनं पडद्यावर दाखवायचं. सोबत वर्गातल्या शिकवण्याचं रेकॉर्डिंग पाहिजे.

भांडार म्हणजे वऱ्हांड्याच्या टोकाची खोली. जुनी पुस्तकं, मोडके बाक, खडूंची खोकी आणि एक मिणमिणता दिवा. तिथे आधी जे मास्तर होते त्यांच्याविषयी शाळेत म्हणत, की ते आत गेले माणूस म्हणून आणि निवृत्त झाले सामान म्हणून. बाई या विनोदाला सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. त्या दिवशी कुणीतरी तो पुन्हा केला, तेव्हा त्यांना हसू आलं नाही.

दुसरी शिक्षिका म्हणजे चौथी ‘ब’च्या धाकट्या बाई. नवीन आल्या तेव्हा खडू कसा धरायचा इथपासून बाईंनीच त्यांना शिकवलेलं. त्यांचा पोर्टफोलिओ अर्धा तयार होता, कारण त्या दर आठवड्याला फोटो काढून ठेवत. बाईंकडे फोटो एकही नव्हता. त्यांचं सगळं काम फळ्यावर, आणि तास संपला की फळा स्वच्छ पुसायचा हा त्यांचा नेम. आयुष्यभर जे लिहिलं ते स्वतःच्याच हातानं पुसलेलं. आता दाखवणार काय?

सुदैव एवढंच, की शाळेत एक कॅमेरा होता आणि दर तपासणीला तो कोपऱ्यात उभा केला जायचा. कचेरीतल्या कारकुनानं जुनी रेकॉर्डिंग शोधून पेनड्राइव्हवर घालून दिली. बाई ती मुठीत घट्ट धरून घरी आल्या.

घरी नणंद होती, आणि नणंदेचा धंदाच तो होता. घराच्या पुढच्या खोलीत बसून ती लोकांच्या लग्नाच्या फिल्म कापायची आणि जोडायची. नवरीचं हसू हळू करायचं, रडू जवळून घ्यायचं, जेवणाऱ्यांची तोंडं गाळायची. बाईंपेक्षा चार वर्षांनी लहान, पण घरात हुकूम तिचा.

“पोर्टफोलिओ?” तिनं खुर्ची फिरवली. “तो मॉडेल पोरी करतात ना? वहिनी, या वयात?”

“वन्सं, थट्टा नंतर करा. शुक्रवारी समिती आहे.”

नणंदेनं बाईंचा चेहरा पाहिला आणि थट्टा गिळली. एका नवरा-नवरीला अर्ध्या फेऱ्यात थांबवून तिनं पेनड्राइव्ह लावली.

पहिला दिवस मजेत गेला. आपल्याला असं बाहेरून बघायची बाईंना सवय नव्हती. मी एवढे हातवारे करते? हा माझा आवाज? नणंद म्हणाली, आवाज नाही, भोंगा आहे, वर्गात कशाला, बंदरावर उभं राहायचं. ती काम करताना आवाज बंद ठेवायची आणि चित्र पळवत बघायची, कारण कुठे कापायचं हे म्हणे तोंडावरून कळत नाही, हातांवरून कळतं. माणूस खोटं हसतो, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नाही. तर अशी ती हात बघत बसली होती. एक तपासणी झाली, दुसरी झाली, तिसरी अर्ध्यावर आली, आणि तिनं चित्र थांबवलं.

“वहिनी, डावा हात वर केलेल्या पोरांना तू कधीच का विचारत नाहीस?”

बाई चहा गाळत होत्या. गाळणी हातातच राहिली.

“बघ ना,” नणंद म्हणाली. “निम्मी पोरं डावा हात वर करतायत. आणि तू शोधून शोधून उजवाच काढतेस. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये.”

 गाळणी खाली ठेवून बाईंनी सांगितलं. त्यात गुपित असं काही नव्हतं, शिक्षकांच्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती युक्ती होती. साहेबांसमोर सगळा वर्ग हुशार दिसला पाहिजे. म्हणून हात सगळ्यांनी वर करायचे, पण येत असेल त्यानं एक आणि येत नसेल त्यानं दुसरा. बाईंना ती त्यांच्या वेळच्या थोरल्या बाईंनी शिकवली, बाईंनी धाकट्या बाईंना शिकवली. फक्त त्यात बाईंची एक सुधारणा होती. लहान मुलांना डावं-उजवं ऐन वेळी कळत नाही, गोंधळ होतो. म्हणून त्या डावा-उजवा म्हणायच्याच नाहीत. त्या म्हणायच्या, ज्याला येतं त्यानं आपला लिहायचा हात वर करा, ज्याला येत नाही त्यानं दुसरा. या सुधारणेचा त्यांना अभिमान होता.

नणंद पोट धरून हसली. मग एकदम हसायची थांबली.

“पण हे मला अर्ध्या तासात दिसलं, वहिनी. समितीला दिसणार नाही?”

 समितीत मोठ्या बाई होत्या, पालकांतर्फे एक बस कंडक्टर होते, आणि तिसरे ते निवृत्त साहेब, ज्यांनी दर वर्षी ‘उत्कृष्ट’ लिहिलं होतं. हे रेकॉर्डिंग दाखवावं तर पितळ उघडं पडायची भीती, न दाखवावं तर हातात काहीच नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

नणंद धीराची. तिनं तोड काढली: हात दिसतात तो भाग कापायचा, सगळं जवळून घ्यायचं, नुसते चेहरे ठेवायचे. “लग्नात रुसून बसलेली आत्या मी अशीच काढते. कुणाला पत्ता लागत नाही.” आणि तिनं चित्र मोठं करून एकेक चेहरा चौकटीत धरायला सुरुवात केली.

असा एकेक चेहरा पुढे सरकता सरकता चौकट खिडकीपाशी आली. काही वर्षांपूर्वीच्या त्या वर्गातला शेवटचा बाक, तेलकट वेणी घातलेली एक मुलगी. डावा हात वर, कोपर ताठ, आणि हात दुखू नये म्हणून दुसऱ्या हातानं त्याला खालून टेकू दिलेला. पहिल्या प्रश्नाला तो हात वर. दुसऱ्याला वर. प्रत्येक प्रश्नाला वर. ज्याला येत नाही ते पोर हात कसं वर करतं हे बाईंना पाठ होतं. अर्धवट, खांद्याच्या वर न जाणारा, कुणी बघितलंच तर डोकं खाजवायला तयार असलेला. हा हात तसा नव्हता. हा हात छताला टेकायला निघाला होता.

मग पडद्यावरच्या बाईंनी मुलांना उदाहरण उतरवून घ्यायला सांगितलं. सगळी डोकी खाली गेली. त्या मुलीनं पेन्सिल उचलली.

“वहिनी,” नणंद हळूच म्हणाली, “ही डावखुरी आहे.”

बाईंना आपलंच वाक्य आठवलं. लिहायचा हात. पोरीनं सांगितलं ते तंतोतंत ऐकलं होतं. चूक तिची नव्हती. आणि ही गोष्ट एका तपासणीपुरती असती तर तेवढ्यावर भागलं असतं. पण वर्षानुवर्षं डाव्या हाताला वगळायची नजरेला अशी सवय लागली होती, की रोजच्या तासालाही बाईंची बोटं आपोआप उजव्या हातांकडेच वळायची. त्या मुलीला आपण काही विचारल्याचं त्यांना आठवेना. आठवलं ते दुसरंच. तिचा बाप कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला. त्याला आपण शाळेत बोलावून म्हणालो होतो, मुलगी गुणी आहे, पण डोकं चालत नाही. हात वर करते, येत काही नाही. त्यानं मान हलवली होती. विचारलं नव्हतं, की तुम्हाला कसं कळलं.

“काढून टाकते हा भाग,” नणंद म्हणाली.

“नको. राहू दे तसाच.”

“वहिनी, भांडार आठव.”

“तेच आठवतंय,” बाई म्हणाल्या, आणि कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

लाँड्रीत त्या इतकी वर्षं जात होत्या, पण कपडे टाकायच्या आणि निघायच्या. त्या संध्याकाळी बाप गठ्ठे पोचवायला गेलेला. मुलगी इस्त्री करत होती. उंच झालेली, वेणी तशीच. इस्त्री डाव्या हातात. तिनं बाईंना बघून इस्त्री उभी केली, आणि बाईंना आपण काय बोलायचं ठरवून आलो होतो ते एक अक्षर आठवेना. रंगमंचावर वाक्य विसरलेल्या नटासारखी त्यांची गत झाली. म्हणून त्यांनी, सवयीनं, प्रश्नच विचारला. रेकॉर्डिंगमधला, अजून कानात घुमत असलेला. एका दोरीचे पाच तुकडे करायचेत, तर दोरी किती वेळा कापावी लागेल?

मुलीनं क्षणभरही विचार केला नाही. “दोनदा.”

चार, बाईंच्या तोंडाशी आलं होतं. वर्गात सगळे पाच म्हणतात आणि बरोबर उत्तर चार, हीच तर त्या प्रश्नाची गंमत. पण बाईंनी ओठ मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्या उत्तर ऐकून थांबल्या. थांबणं किती अवघड असतं ते त्यांना तेव्हा कळलं.

मुलीनं गठ्ठ्याची सुतळी घेतली, मधोमध दुमडून दुहेरी केली, आणि कात्रीनं एकदा कापली, दुसऱ्यांदा कापली. टेबलावर पाच तुकडे पडले.

“एकेरी धरली तर चारदा,” ती म्हणाली. “पण एकेरीच धरा असं तुम्ही म्हणाला नव्हतात.”

बाईंनी तुकडे बोटानं मोजले, जणू त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. मग त्यांनी सगळं सांगितलं. हातांचं, तपासणीचं, तिच्या बापाला जे म्हणाल्या त्याचं. मुलगी इस्त्रीची वायर गुंडाळत ऐकत राहिली. तिला रागही आला नाही, रडूही नाही, आणि बाईंना वाटलं, यापेक्षा राग बरा.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “तुम्हाला माहीतच आहे मला येतं ते. म्हणून विचारत नाही. मग पाचवीत गेल्यावर मी हात वर करणं सोडलं.”

बाईंनी विचारलं, हे मी समितीला दाखवू का. मुलीनं विचार केला. दाखवा, पण माझं नाव सांगू नका, अशी तिची अट. आणि मग, हसू दाबत, बाबांना तेवढं सांगा म्हणाली. ते अजून म्हणतात, की पोरीला गणित जमत नाही म्हणून बरं, दुकान तरी सांभाळेल.

दुसऱ्या दिवसापासून चौथी ‘अ’त हात बंद झाले. बाईंनी जाहीर केलं की कुणीही हात वर करायचा नाही. मी प्रश्न विचारीन, आपण सगळे गप्प बसू, आणि मग मी कुणालाही विचारीन. मुलं भांबावली. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. कुणी मांडीखाली धरले, कुणी खिशात घातले. प्रश्न विचारून गप्प बसणं ही बाईंसाठी शिक्षा होती. पाच श्वास, सहा श्वास, आणि जीभ आतून दारावर धडका मारतेय. त्यात मुलांची उत्तरं चुकू लागली. चुकली, अडखळली, एक मुलगी रडली. इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गाचा असा विचका कधी झाला नव्हता.

आणि नेमका तोच वर्ग नणंदेनं रेकॉर्ड केला. पुढून खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून तिनं कॅमेरा वर्गाच्या मागे लावला. घरी येऊन तिनं तो बघितला आणि कपाळावर हात मारला. “यात कापायला काही नाही आणि ठेवायलाही काही नाही. नुसती डोकी, बाक आणि पाय. लग्नात असं शूटिंग केलं असतं तर नवरदेवानं पैसे परत मागितले असते.”

बाई मात्र पडद्याजवळ गेल्या. “मागे घ्या. अजून. तो तिसऱ्या बाकावरचा. त्याचे पाय बघा.”

तो मुलगा घुम्या म्हणून प्रसिद्ध होता. वर्गात तोंड उघडायचा नाही. पण प्रश्न आला आणि उत्तर सुचलं की बाकाखाली त्याचे पाय सायकल मारल्यासारखे हलू लागायचे. सुचलं नाही की दगडासारखे गप्प. बाईंनी ते रेकॉर्डिंग तीनदा बघितलं. जेवण गार झालं.

शुक्रवार उजाडला आणि नणंदेचा कॉम्प्युटर रुसला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नीट चाललेलं यंत्र सकाळी फिल्म बाहेर काढता काढता तीनदा बंद पडलं. त्यात बाईंना हवं होतं की त्या डाव्या हाताभोवती एक साधं वर्तुळ असावं, लोकांचं लक्ष जावं म्हणून. नणंदेकडच्या लग्नाच्या चौकटींत साधं वर्तुळ नव्हतंच. गुलाबांची महिरप होती, मोत्यांची माळ होती, आणि धडधडणारं गुलाबी हृदय होतं.

“वन्सं, हृदय नको.”

“मग मोर घेतेस? मोरही आहे.”

वेळ उरला नव्हता. हृदयासकट फिल्म बाहेर आली आणि बाई शाळेकडे जवळजवळ पळतच निघाल्या.

वऱ्हांड्यात धाकट्या बाई उभ्या होत्या. त्यांचं सादरीकरण नुकतंच संपलं होतं आणि झकास झालं होतं. आतून कंडक्टरांच्या टाळ्या ऐकू आल्या होत्या. पण चेहरा उतरलेला. त्यांनी बाईंना खांबाआड ओढलं. चौथी ‘अ’त हात बंद झाल्याची बातमी मुलांनी मधल्या सुट्टीतच ‘ब’त पोचवली होती, आणि धाकट्या बाई काय ते समजून चुकल्या होत्या.

“तुम्ही ते दाखवणार?” त्यांनी विचारलं. “बाई, मी आत्ताच आत माझी तपासणीची फिल्म दाखवून आले. तीच युक्ती, तुमच्याकडूनच शिकलेली. तुम्ही तोंड उघडलंत की तुमच्याबरोबर माझाही पडदा वर जाणार. मग आपण दोघीही भांडारात.”

बाईंना हे सुचलंच नव्हतं. स्वतःची चूक कबूल करायला निघालेल्या माणसाला त्या चुकीच्या शेजारी आणखी कोण उभं आहे ते दिसत नाही. त्यांनी धाकट्या बाईंच्या दंडावर हात ठेवला. काहीतरी म्हणणार होत्या, पण आतून हाक आली. नाटकाची तिसरी घंटा झाली म्हणायची.

आत गेल्यावर बाई आधी पाणी प्यायल्या. मग फिल्म सुरू झाली. साहेब ओळखीच्या वर्गाकडे बघून खुशीत मान डोलवत होते. हातांचं रान उगवलं, बरोबर उत्तर आलं, आणि मग चित्र हळूहळू जवळ गेलं, खिडकीपाशी थांबलं, आणि त्या ताठ डाव्या हाताभोवती एक गुलाबी हृदय धडधडू लागलं. कंडक्टर फिस्सकन हसले. मोठ्या बाईंनी चष्मा लावला.

नणंदेनं ते चित्र तिथेच लांबवून ठेवलं होतं; तेवढ्यात बाईंनी सांगितलं. सगळं, न चाचरता, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात.  पडद्यावर हृदय धडधडतच होतं, ते बंद कसं करायचं हे बाईंना माहीत नव्हतं.

साहेब आधी हसले. “अहो बाई, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? मी मास्तर होतो तेव्हा मीही केलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडता? एका पोरीचं एवढं काय बिघडलं?”

बाईंनी पर्समधून सुतळी आणि कात्री काढून त्यांच्यापुढे ठेवली. “पाच तुकडे करायचेत, साहेब. किती वेळा कापाल?”

“चार वेळा,” साहेब म्हणाले. उत्तर त्यांना इतक्या तपासण्यांतून पाठ झालं होतं.

बाईंनी सुतळी दुमडली आणि दोनदा कापली. तुकडे त्यांच्या कागदांवर पडले. “हे त्या हातात होतं. त्या दिवशी, तुमच्यासमोर. वर्गाला ते मिळालंच नाही.”

साहेबांचं हसू मावळलं. त्यांचा आवाज कडक झाला, अपमान झालेल्या माणसाचा होतो तसा. आणखी कोण कोण करतं हे या शाळेत, त्यांनी विचारलं. मोठ्या बाईंची नजर दाराकडे गेली. दार अर्धवट उघडं होतं आणि फटीतून धाकट्या बाईंचा पदर दिसत होता. बाईंना फक्त मान वळवायची होती. मान वळली असती तर भांडार टळलंही असतं.

“मी माझ्या वर्गापुरतं बोलतेय, साहेब,” बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी बोटं जुळवली. त्या शांत बाई होत्या आणि कामापुरतंच बोलत. “हे झालं चुकीचं. पोर्टफोलिओ वाढीचा आहे. वाढ कुठे आहे यात?”

“यात नाही. पुढच्यात असली तर तुम्ही सांगा.”

आणि तो दुसरा वर्ग सुरू झाला. डोकी, बाक, शांतता. पडद्यावरच्या बाई प्रश्न विचारून गप्प, खोलीतल्या बाई गप्प, समिती गप्प. कंडक्टर चुळबुळले. मग ते पुढे वाकले. “हा माझा मुलगा. बघा, इथेही तोंड मिटून. घरीही असाच. याला येतं तरी का काही?”

“तोंडाची वाट बघू नका,” बाई म्हणाल्या. “पाय बघा.”

कंडक्टरांनी पाय बघितले. प्रश्न आला, पाय गप्प. दुसरा आला, पाय हलले, थांबले, आणि मग सायकल सुटली. पडद्यावरच्या बाई चालत त्याच्या बाकापाशी आल्या आणि त्याला विचारलं. उत्तर इतकं बारीक आलं की रेकॉर्डिंगमध्ये ऐकूच आलं नाही, पण बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. कंडक्टरांनी ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. आपल्या बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ओळखणारा तो माणूस, मुलाच्या पायांकडे पहिल्यांदाच बघत होता.

निकाल त्याच दुपारी लागला, आणि धड इकडचा ना तिकडचा असा लागला. साहेब ठाम होते: जिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं तिला वर्ग देता येत नाही. कंडक्टर तितकेच ठाम: बाई वर्गात नसतील तर मी मुलाचं नाव काढीन. मोठ्या बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. वर्ग धाकट्या बाईंचा, त्यांनी ठरवलं. भांडार बाईंकडे. पण भांडार दुपारी उघडतं. सकाळच्या वेळी बाईंनी चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि कोण राहून जातंय ते बघायचं.

घरी नणंदेनं दारातच विचारलं, जिंकलीस की हरलीस. बाईंनी कापडी बूट काढले, पाय चोळले आणि म्हणाल्या, सकाळी जिंकले, दुपारी हरले. मग बाजूला कपड्यांची पिशवी दिसली तशा त्या पुन्हा उठल्या. लाँड्रीवाल्याशी बोलायचं राहिलं होतं, आणि ते बोलणं समितीपेक्षा अवघड जाणार होतं. गेलंही. पण ती गोष्ट बाप-लेकीची आणि बाईंची. तिथे कॅमेरा नव्हता.

सुट्टी संपली. एकत्र झालेल्या चौथीत बाक भरून गेले. धाकट्या बाई फळ्यापाशी उभ्या, नव्या कपड्यांत. बाई खिडकीपाशी शेवटच्या बाकावर, गुडघे बाकाला टेकलेले. इतकी वर्षं त्यांनी हा वर्ग पुढून बघितला होता. मागून तो ओळखीचाच वाटत नव्हता.

धाकट्या बाईंनी प्रश्न विचारला. सवयीनं हात उठले, काही डावे, काही उजवे. धाकट्या बाईंनी हात खाली घ्यायला सांगितलं. ‘ब’च्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि घेतले. मग खोली शांत झाली. धाकट्या बाईंना ती शांतता सोसवेना. ओठ हलले, उत्तर अगदी बाहेर येऊ पाहत होतं. त्यांनी घाईघाईनं सगळ्या डोक्यांवरून शेवटच्या बाकाकडे बघितलं.

बाई बाकांखाली बघत होत्या. तिसऱ्या रांगेत एक चप्पल सुटून पडली होती आणि एक पाय जोरात हलत होता. त्यांनी मान वर केली, तिकडे डोळ्यानं खूण केली, आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घट्ट धरून ठेवले.